खोलतानाची नोंद, जोडतानाचा ताळा

दिवाळी जवळ आली की छत्रपती संभाजीनगरातील गुलमंडी, सराफा, टिळक पथ या भागांतील जुन्या घरांचे आणि दुकानांचे माळे रिकामे होऊ लागतात. वहीपूजनापूर्वी फळ्या पुसल्या जातात, गाठोडी झटकली जातात आणि एखाद्या कोपऱ्यातून गोणपाटात गुंडाळलेला, लांब नळीचा, जड असा डबा खाली येतो. घरातील वडीलधारी मंडळी तो पाहताच ओळखतात. हा पूर्वी हौसेने विकत घेतलेला व्हॅक्यूम क्लीनर. घरातला एखादा तरुण तो सुरू करून पाहतो. मोटर घरघरते, थोडा करपट वास येतो, आणि मग सुट्टीच्या दिवशी यंत्र खोलले जाते. खोलणे अर्ध्या तासात होते. जोडणे मात्र तीन दिवस चालते, आणि जोडून झाल्यावर हातात दोन वॉशर उरतात.

जुने यंत्र दुरुस्त करणाऱ्यांची खरी अडचण येथेच सुरू होते. खोलण्यापूर्वी चालणारी मोटर जोडल्यानंतर चालत नाही, किंवा चालते पण ठिणग्या उडवते, किंवा मोठा आवाज करूनही धूळ ओढत नाही. अशा वेळी दोष मोटरीच्या वयाला दिला जातो. प्रत्यक्षात जोडणीनंतर दिसणारे बहुतेक दोष खोलताना न ठेवलेल्या नोंदीतून जन्मतात. रोकड वहीत एक नोंद राहिली की महिनाअखेर ताळा जुळत नाही, हे व्यापारी घराला सांगावे लागत नाही. मोटरीचा हिशेबही त्याच जातीचा आहे.

ही यंत्रे आपल्याकडे आली तो इतिहास फार जुना नाही. १९०१ मध्ये इंग्लंडमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने धूळ फुंकून उडवण्याऐवजी ओढून घेणारे यंत्र बनवले. ते इतके अवजड होते की घोडागाडीवरून रस्त्यावर आणून नळ्या खिडकीतून घरात सोडल्या जात. अमेरिकेत जेम्स मरी स्पँग्लर यांनी हाताने चालवता येईल असे विजेचे लहान यंत्र तयार केले, १९०८ मध्ये त्याचे पेटंट मिळवले, आणि ते हक्क घेऊन हूव्हर घराण्याने आपला व्यवसाय उभारला. १९२१ मध्ये स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने जमिनीवरून सरकत जाणारे आडव्या नळकांड्याचे यंत्र आणले. त्याच इलेक्ट्रोलक्सच्या भागीदारीत १९८२ साली भारतात युरेका फोर्ब्स कंपनी सुरू झाली. तिचे टाय लावलेले विक्रेते घराची घंटा वाजवीत आणि दिवाणखान्यातील सतरंजीवरच यंत्राचे प्रात्यक्षिक करून दाखवीत. ‘युरोक्लीन’ हे नाव त्या काळी अनेक शहरी घरांत पोहोचले. आज माळ्यावरून उतरणारी बरीच यंत्रे त्या पिढीतील आहेत. काही घरांत परदेशी नातेवाइकांनी आणलेली त्याहून जुनी यंत्रेही सापडतात.

या यंत्राच्या पोटात काय चालते हे समजण्यासाठी शहरातील पाणचक्की आठवावी. तेथे दूरच्या झऱ्याचे पाणी नळांतून येऊन चाकाच्या पात्यांवर पडे आणि वरचे जाते फिरे. व्हॅक्यूम क्लीनरमध्ये हाच क्रम उलटा आहे. मोटर पात्यांना फिरवते, पाती हवेला केंद्रापासून कडेकडे फेकतात, मध्यभागी दाब कमी होतो आणि नळीतून बाहेरची हवा धुळीसह आत धावते. त्यासाठी वेग मोठा लागतो. जुन्या यंत्रांची मोटर मिनिटाला दहा-वीस हजार फेरे घेते, नव्यांची त्याहूनही अधिक. विहिरीवरील पंपाची मोटर पन्नास हर्ट्‌झच्या विजेवर मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या पुढे जाऊ शकत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळतो. पंपाच्या मोटरीत जी चूक खपून जाते ती येथे खपत नाही.

मोटरीची जात मिक्सरच्या मोटरीचीच. मध्यभागी फिरणारे आर्मेचर, त्याभोवती स्थिर फील्डची दोन वेटोळी, आर्मेचरच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर, त्यावर स्प्रिंगने दाबून बसवलेले दोन कार्बन, दोन्ही टोकांना बेअरिंग किंवा बुश, आणि दुसऱ्या टोकाला पंखा. वीज एका फील्डमधून कार्बनकडे, तेथून आर्मेचरमध्ये, दुसऱ्या कार्बनमधून दुसऱ्या फील्डकडे आणि परत, अशी एकाच रांगेतून वाहते. भाग मोजके आहेत. क्रम मात्र एकच योग्य आहे.

खोलण्यापूर्वी पहिली नोंद यंत्राच्या पाटीची घ्यावी. आपल्याकडील घरगुती वीज २३० व्होल्टची. अमेरिकेतून आलेले यंत्र ११० ते १२० व्होल्टचे असते. ते थेट आपल्या प्लगला लावले तर काही क्षणांत जळते. त्यानंतर प्लग काढून, तो डोळ्यांसमोर ठेवून मगच काम सुरू करावे. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्राच्या पिशवीत आणि नळीत कोळी, झुरळे, मुंग्या आपला संसार मांडून बसलेल्या असतात. यंत्र ‘चालते का पाहू’ म्हणून आधी सुरू करण्याऐवजी झाकण उघडून, मऊ कुंच्याने त्यांना हलकेच बाहेर काढून मोकळ्या जागी सोडावे. जीव वाचतात, आणि जाळ्यांचा गुंता पंख्यात ओढला जात नाही.

पुढच्या नोंदी अशा. मोटरीच्या दोन्ही टोकांची झाकणे आणि मधले फील्ड यांवर एकाच सरळ रेषेत खूण करावी, म्हणजे जोडताना ती रेषा पुन्हा सलग व्हावी. प्रत्येक तारेला चिकटपट्टीचा तुकडा लावून क्रमांक द्यावा. कार्बन डावा कोणता, उजवा कोणता आणि त्याची कोणती बाजू वर होती हे लिहावे. झिजलेल्या कार्बनचा वक्र आपल्याच जागी आणि आपल्याच दिशेने नीट बसतो. आसावरचे वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने दोऱ्यात ओवावेत. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, म्हणून कागदावर मोटरीची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवावा. आखूड स्क्रूच्या भोकात लांब स्क्रू गेला तर त्याचे टोक फील्डच्या वेटोळ्याला जाऊन भिडते आणि सबंध डब्यात वीज उतरते. ही चूक बाहेरून दिसत नाही. पंख्याच्या नटाचीही आधी परीक्षा करावी, कारण काही मोटरींत त्याचे आटे उलटे असतात. नेहमीच्या सवयीने जोर लावला तर आस वाकतो.

आता जोडणीनंतरच्या दोषांकडे पाहू.

पहिला दोष : आस हाताने फिरत नाही किंवा एका जागी अडतो. झाकणांचे स्क्रू एकामागून एक पूर्ण आवळले की झाकण तिरपे बसते आणि दोन्ही बेअरिंगे एका रेषेत राहत नाहीत. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळीत जावे आणि प्रत्येक वेळी बोटाने आस फिरवून पाहावा. तरीही अडत असेल तर आसावरील वॉशरचा क्रम तपासावा. बेअरिंगमागे लाटेसारखी वाकलेली एक पातळ चकती असते. ती राहिली तर आस पुढे-मागे हलतो, आणि तिच्या जागी सपाट वॉशर गेला तर आस जखडतो. उरलेले दोन वॉशर बहुधा येथलेच असतात.

दुसरा दोष : मोटर फिरते, पण शिट्टीसारखा किंवा खरखरीत आवाज येतो. याचे मूळ बेअरिंग बसवण्याच्या पद्धतीत असते. आसावर बेअरिंग चढवताना दाब आतल्या कड्यावरच पडला पाहिजे. त्यासाठी योग्य मापाची नळी वापरावी. बाहेरच्या कड्यावर हातोडी मारली की तो आघात गोळ्यांमधून जातो, कड्यांवर सूक्ष्म खळगे पडतात आणि नवे कोरे बेअरिंगही पहिल्या दिवसापासून ओरडते. बेअरिंगचा क्रमांक त्याच्या कड्यावर कोरलेला असतो. अशा मोटरींत पुष्कळदा आढळणारे ६०८ क्रमांकाचे बेअरिंग आतून ८ मिलिमीटर, बाहेरून २२ मिलिमीटर आणि रुंदीला ७ मिलिमीटर असते. बाजारात ते सहज मिळते. फार जुन्या यंत्रांत बेअरिंगऐवजी पितळी बुश आणि तेलात भिजलेला नमदा असतो. त्याला पातळ मशीन ऑइलचे थेंब पुरतात. ग्रीस भरले तर नमद्याची छिद्रे बुजतात.

तिसरा दोष : बटन दाबले तरी काहीच होत नाही. हा दोष घाबरवणारा वाटतो, पण बहुधा सर्वांत सोपा असतो. कार्बन आपल्या खोबणीत अडकून कम्युटेटरला टेकतच नाही, किंवा त्याची स्प्रिंग तिरपी बसलेली असते. कार्बन खोबणीत स्वतःच्या भाराने खाली-वर सरकला पाहिजे. मोटर केवळ गुंगुं करीत तापत असेल, पण फिरत नसेल, तर दोन फील्डपैकी एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्याची शक्यता धरावी. दोन्ही फील्ड मग परस्परांविरुद्ध काम करतात आणि आर्मेचरला कोणतीच दिशा मिळत नाही. अशा स्थितीत वीज तत्काळ बंद करावी. तार जळायला फार वेळ लागत नाही.

चौथा दोष : कार्बनपाशी ठिणग्या. अगदी बारीक निळसर ठिणग्या या मोटरींत नेहमीच्या असतात. नव्या कार्बनचे टोक सपाट असते आणि कम्युटेटर गोल; त्यामुळे सुरुवातीला ठिणग्या वाढतात. त्यासाठी बारीक काचकागदाची पट्टी खरखरीत बाजू बाहेर ठेवून कम्युटेटरवर गुंडाळावी, कार्बन वर बसवावा आणि आस हाताने हळूहळू फिरवून कार्बनला वक्र आणावा. लोखंड घासण्याचा एमरी कागद येथे वापरू नये. त्याचे कठीण कण तांब्यात रुततात. तांब्याच्या पट्ट्यांमधील अभ्रकाच्या खाचांत साचलेली काळी पूड बांबूच्या अणकुचीदार काडीने काढावी. कम्युटेटरवरचा तपकिरी गुळगुळीत थर मात्र खरवडू नये, तो निरोगी मोटरीची खूण आहे. सबंध कम्युटेटरभोवती आगीचे कडे दिसले, तर दोष आर्मेचरच्या वेटोळ्यात आहे. तेथे घरगुती उपाय संपतात.

पाचवा दोष सर्वांत फसवा : मोटर जोमाने फिरते, पण धूळ ओढली जात नाही. कार्बनकडे जाणाऱ्या दोन तारांची अदलाबदल झाली की मोटर उलट दिशेने फिरते. पुष्कळांना वाटते, की मोटर उलट फिरली तर नळीतून हवा बाहेर येईल. तसे होत नाही. हा पंखा कोणत्याही दिशेने फिरला तरी हवा कडेलाच फेकतो. उलट फिरताना फक्त ओढ कमी होते, आवाज वाढतो आणि ठिणग्याही वाढतात. त्यामुळे दोष तारांत असूनही माणूस नळी आणि पिशवी तपासत बसतो. झाकणावरचा बाण आणि पंख्याच्या पात्यांचा कल खोलण्यापूर्वी लिहून ठेवलेला असेल, तर हे कोडे मिनिटभरात सुटते.

दिशा बरोबर असूनही ओढ नसेल, तर नळीच्या तोंडावर तळवा ठेवावा. वाट बंद झाली की पंख्याला ढकलायला हवा उरत नाही, मोटरीवरचा भार घटतो आणि तिचा सूर चढतो. सूर चढला नाही तर हवा मधूनच कोठून तरी शिरते आहे, असे समजावे. मोटर आणि डबा यांमधील रबरी कडे चाळीस वर्षांत दगडासारखे झालेले असते, तेच बदलावे. दोन पंखे असलेल्या मोटरीत त्यांच्यामध्ये एक स्थिर जाळीदार तबकडी आणि अंतर राखणारे लहान कडे असते. ते कडे विसरले तर पंखा तबकडीला घासतो. आणि पिशवी फाटकी असेल तर सगळी मेहनत वाया जाते, कारण अनेक जुन्या यंत्रांत पिशवीतून गाळून आलेली हवाच मोटरीला थंड करते. गाळणी फाटली की धूळ थेट कम्युटेटरवर जाते.

सगळे जुळले असे वाटले तरी यंत्र थेट प्लगला लावू नये. येथे प्रश्न यंत्राचा राहत नाही, माणसाचा होतो. जुन्या यंत्रांचे डबे पत्र्याचे. वायरीचे रबर तडकलेले. काहींना दोनच तारा, अर्थिंग नाहीच. आतील जुना कपॅसिटर गळका झाला असेल तर डब्याला हात लावताच मुंग्या येतात. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असा डबा असला तर काय होईल, याचा विचार दुरुस्तीच्या आरंभीच करावा. कापडाच्या दुकानात आणखी एक धोका असतो. ठाणांच्या फळीखाली बंद केलेल्या यंत्रातील तापलेले वेटोळे आणि पिशवीत साठलेले कापसाचे तंतू यांची गाठ पडली, तर नुकसान एका यंत्राचे राहत नाही.

म्हणून पहिली चाचणी जाणत्या इलेक्ट्रिशियनच्या हातूनच व्हावी. तो ५०० व्होल्टच्या मेगरने डबा आणि तारा यांमधील रोध मोजतो. हा आकडा एक मेगओहमपेक्षा कमी आला तर वीज देऊ नये. नंतर जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब मोटरीच्या रांगेत जोडून वीज दिली जाते. निरोगी मोटर हलू लागते आणि क्षणभर उजळलेला बल्ब मंदावतो. बल्ब पूर्ण तेजाने पेटला आणि मोटर जागची हलली नाही, तर आत कोठेतरी आखूड वाट झाली आहे किंवा आस जखडला आहे. एवढ्या लहान बल्बमधून मिळणारा प्रवाह मोठ्या मोटरीला अपुरा पडल्यामुळेही असे होऊ शकते, म्हणून निष्कर्ष काढण्यापूर्वी दोनशे वॉटचा बल्ब लावून पाहतात. ही चाचणी चालू असताना यंत्राच्या धातूला कोणीही स्पर्श करू नये. बल्ब असला तरी आत वीज पूर्ण दाबाचीच असते. शेवटी नवी तीन तारांची वायर, खरे अर्थिंग आणि घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपियरचा गळती रोधक स्विच, एवढे झाल्याशिवाय यंत्र घरातील कोणाच्या हाती देऊ नये.

आर्मेचर जळले असेल तर ते वाइंडिंग करणाऱ्याकडे न्यावे. चिकलठाणा आणि वाळूज येथील कारखान्यांमुळे, विशेषतः १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यापासून, या शहरात यंत्रकामाचे हात तयार झाले आहेत. भोवतालच्या शेतीतील पंपांमुळे मोटर बांधणारेही पुष्कळ आहेत. मात्र काम देताना एक प्रश्न जरूर विचारावा : बांधून झाल्यावर आर्मेचरचा तोल साधला जाईल का? पंपाच्या वेगाला जो तोल पुरतो तो वीस हजार फेऱ्यांना पुरत नाही. तोल ढळलेले आर्मेचर नवी बेअरिंगे थोड्याच दिवसांत खाऊन टाकते. आर्मेचरच्या लोखंडावर कारखान्यात पाडलेल्या लहान खाचा तोलासाठीच असतात. त्या घासून गुळगुळीत करू नयेत. चांगला कारागीर ग्राउलर नावाच्या चुंबकी यंत्रावर आर्मेचर ठेवतो आणि वर करवतीचे पाते धरतो. पाते थरथरले की त्या वेटोळ्यात दोष आहे असे तो सांगतो. अशा कारागिराची मजुरी देताना घासाघीस करण्यात शहाणपण नाही, कारण तो ज्या जोखमीची काळजी घेतो ती आपल्याच घरातील असते.

काही यंत्रे पुन्हा चालू होत नाहीत. कम्युटेटरच्या पट्ट्या उचलल्या गेल्या असतील किंवा इन्सुलेशन हात लावताच भुगा होत असेल, तर ते यंत्र चालवण्याचा हट्ट सोडावा. डबा स्वच्छ करून, वायर कायमची कापून, ज्या पिढीने तो आणला तिची आठवण म्हणून ठेवता येतो. वायर न कापता तसाच माळ्यावर ठेवलेला डबा मात्र पुढच्या दिवाळीत पुन्हा कोणाच्या तरी हाती लागतो, आणि तो माणूस आधी प्लगच शोधतो.

जे यंत्र चालू होते, त्याच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवून ठेवावा. त्यावर दुरुस्तीची तारीख, बेअरिंगचा क्रमांक, कार्बनची लांबी, तारांची आकृती, पंख्याची दिशा आणि मेगरचा आकडा लिहावा. कार्बन साधारण मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्शावर आला की बदलायचा, तेव्हा हीच नोंद उपयोगी पडेल. पुढची दुरुस्ती कदाचित वीस वर्षांनी, आज शाळेत जाणारे एखादे मूल करील. त्याला खोलण्यापूर्वी हा कागद मिळाला, तर त्याच्या हातात वॉशर उरणार नाहीत.